गाडी उलाळ होऊ देऊ नका

मागच्या अंकात दुचाकीच्या सीटच्या फोमबद्दल लिहिताना मी जाता जाता म्हणून गेलो होतो, की सीट टोचते म्हणून माझ्याकडे येणाऱ्या कित्येकांचं दुखणं सीटमध्ये नसतं, पाठीवरच्या सॅकमध्ये असतं. त्यावर इतकी पत्रं आली की संपादकांनी या वेळचं सदर सामानालाच देऊन टाकलं.

मला न ओळखणाऱ्यांसाठी दोन शब्द. कराडात माझं सीट आणि बॅगा शिवायचं दुकान आहे. त्याआधी १९९४ पासून पाच वर्षं मी राजदूत मोटारसायकलवर दूध वाहिलं. दोन्ही अंगांना ४०-४० लिटरचे कॅन. दूध पाण्यापेक्षा किंचित जड, म्हणजे एकेका बाजूला ४१ किलो, कॅनचं वजन वेगळं. ओझ्याबद्दल मला जे कळतं त्यातलं बरंचसं तिथं कळलं, शिलाई मशीनवर नंतर. आता एकेक पत्र आणि त्याखाली माझं उत्तर.

आम्ही दोघं नवरा-बायको विट्याहून चार दिवस कोकणात जाणार आहोत. गणपतीपुळे, गुहागर, दापोली असा बेत आहे. गाडी १२५ सीसी. माझं वजन ७४, हिचं ६२. ही साडी नेसते आणि एका अंगाला बसते. दुकानदार म्हणतो दोन्हीकडे लटकणारी सॅडलबॅग घ्या, मुलगा म्हणतो मागे पेटी बसवा. काय घ्यावं?
(एक निवृत्त तलाठी, विटा)

वजनं लिहिलीत हे फार बरं केलंत. कुणी लिहीत नाही. ७४ आणि ६२ म्हणजे १३६. माझ्या १०० सीसीच्या गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात चालवणारा, मागे बसणारा आणि सामान असं सगळं मिळून १३० किलो लिहिलंय. तुमच्या गाडीचं पुस्तक कपाटातून काढा आणि आकडा बघा. १२५ ची आहे म्हणून तो खूप जास्त असेल अशी आशा धरू नका. म्हणजे बॅग विकत घ्यायच्या आधीच गाडी भरलेली आहे. तेव्हा सामान ८ किलोच्या वर जाऊ देऊ नका. घरचा वजनकाटा काढा, आधी एकटे उभे राहा, मग बॅग हातात घेऊन. दोन आकड्यांतला फरक बघून वहिनी स्वतःच दोन साड्या कमी करतील. कोकणात दोरीवर वाळत घातलेलं पातळ दुपारपर्यंत वाळतं, पावसाळा सोडला तर.

आता सॅडलबॅग. त्या एका अंगाला बसणार म्हणजे डावी बाजू त्यांच्या पायांची. तिथं बॅग आली तर पाय कुठं ठेवणार? दुकानदार यावर एक उपाय सांगेल, माझ्या डोळ्यांदेखत सांगितलेला आहे : साडीगार्ड काढून टाकू, मग बॅग आत सरकते. ते चुकूनही करू नका. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३ वा नियम मागच्या माणसाला धरायला हँडल, पाय ठेवायला फूटरेस्ट आणि मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारं संरक्षण मागतो, ते उगाच नाही. पदर चाकात जायला एक क्षण लागतो. आणि उजव्या बाजूला एकटी बॅग लटकवाल तर खाली सायलेन्सर आहे. त्याचं पुढं शेवटच्या पत्रात येतंच.

मुलाची पेटी. पेटी वाईट नसते, तिची जागा वाईट असते. बैलगाडीत मागच्या बाजूला पोती जास्त झाली की जू वर उचललं जातं, गाडी उलाळ होते. मोटारसायकलचंही अगदी तेच. मागच्या चाकाच्या आसाच्या पलीकडे जे ओझं जातं ते पुढचं चाक हलकं करतं. मग हँडल भिरभिरतं, वळणावर गाडी बाहेर जाते, आणि ब्रेक मारला की पुढचं चाक धड धरत नाही. तुमच्या गाडीवर दोघं बसल्यावर सीट संपते. पेटी त्याच्याही मागे जाणार, म्हणजे पूर्ण आसाच्या पलीकडे.

म्हणून तुम्ही यातलं काहीच घेऊ नका. एक गोल, उशीसारखी मऊ बॅग घ्या, २५ ते ३० लिटरची. कंबरेएवढ्या रुंदीची बास. मागच्या छोट्या कॅरियरवर ती आडवी, पाठीला जवळजवळ टेकेल अशी बांधा. त्यात फक्त कपडे. जड वस्तू, म्हणजे पाण्याची बाटली, नटबोल्टचे पाने, चार्जर, औषधं, टाकीवरच्या पट्ट्याच्या बॅगेत. ती तुमच्या गुडघ्यांच्या मध्ये येते, दोन्ही चाकांच्या मधोमध. गाडीवर सामानाला याहून चांगली जागा नाही. फक्त हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे फिरवून बघा. बॅग हॉर्नचं बटण दाबत असेल तर ती मोठी आहे.

बांधायचं कसं हे जरा सविस्तर सांगतो, कारण सगळे इथंच घाईत असतात. पंक्चरवाल्याकडून ट्रकच्या जुन्या ट्यूबचे दोन बोटं रुंदीचे दोन पट्टे कापून घ्या, वीतभर कमी तीन हात लांब. बाजारात आकड्यांची बंजी दोरी मिळते, पण ती ताणताना आकडा निसटला तर सरळ डोळ्यावर येतो. ट्यूबला आकडा नसतो. पहिला पट्टा बॅगेच्या मुठीतून ओवून कॅरियरच्या पुढच्या दांडीला, म्हणजे बॅग पुढे ओढली जाईल. दुसरा मागच्या दांडीला, म्हणजे ती मागे ओढली जाईल. दोन्ही ओढी एकमेकींशी भांडल्या पाहिजेत. उरलेली टोकं परत पट्ट्याखाली खुपसा, लोंबती ठेवू नका. लोंबतं टोक चेनमध्ये जातं. मग बॅग दोन्ही हातांनी धरून जोरात हलवा. बॅग हलली तर बांधणी कच्ची. अख्खी गाडी हलली तर निघा. आणि १० किलोमीटरवर एकदा थांबाच. कपडे दबतात आणि पट्टा सैल पडतो. मग कराडात पुन्हा थांबा, चहा माझ्याकडे.

तुमच्या रस्त्यावर दोन फेरीबोटी आहेत. गणपतीपुळ्याहून गुहागरला जाताना जयगड ते तवसाळ, आणि गुहागरहून दापोलीला जाताना धोपावे ते दाभोळ. बोटीत दुचाक्या खेटून लावतात, तिथं रुंद सॅडलबॅग शेजारच्याच्या आरशात अडकते. धक्क्याचा उतार ओला आणि शेवाळलेला असतो. वहिनींना आधी उतरवा आणि गाडी एकट्यानं चढवा. मागे ओझं, पुढचं चाक हलकं आणि खाली शेवाळ, हे तिन्ही एकत्र नको.

निघायच्या आदल्या दिवशी मागच्या चाकात डबलसीटची हवा भरा, आकडा चेनकव्हरवर किंवा जवळपास चिकटवलेला असतो. शॉकअपची खाच एक-दोन घरं कडक करा. मग रात्री दोघं बसून हेडलाइट भिंतीवर पाडून बघा. मागची बाजू बसली की उजेड वर जातो आणि समोरून येणारा तुम्हाला शिव्या देतो.

काका, जुलैमध्ये आम्ही चौघं मित्र मनालीहून लेहला जाणार आहोत. माझ्याकडे हिमालयन ४११ मोटारसायकल आहे. दोन्ही बाजूंना लावायचे पॅनिअर अ‍ॅल्युमिनियमच्या पेट्यांचे घ्यावेत की कापडी? मित्र म्हणतात अ‍ॅल्युमिनियमच हवं, फोटोतही छान दिसतं.
(एक अभियंता, वय २६, पुणे)

फोटोत छान दिसतं हे खरं, त्याला माझा विरोध नाही. पण तू पडणार आहेस. रागावू नकोस, खडी, चिखल आणि नाले असलेल्या रस्त्यावर सगळेच एकदा-दोनदा आडवे होतात. वेग १० चा असतो, माणसाला काही होत नाही. पण पडताना पाय टेकवला आणि गाडी पुढे सरकली, की मागून येणारी पत्र्याची पेटी पोटरीवर चढते. कापडी बॅग तिथं दबते, पत्रा दबत नाही. एवढ्या एका कारणासाठी मी तुला कापडी सांगेन.

वजनाचंही बघ. अ‍ॅल्युमिनियमच्या रिकाम्या पेट्या आणि त्यांचा सांगाडा मिळून तुझे १५ किलो आधीच खातात. पेट्या लावल्यावर गाडी रुंद होते, आणि ट्रकच्या बाजूनं निघताना आपण हँडलची रुंदी मोजतो, पेटीची नाही. शिवाय आतला माल पत्र्याला घासून काळा होतो. पांढरा टी-शर्ट घेऊन गेलेला एक पोरगा माझ्याकडे आला होता, कोळसा काढून आल्यासारखा. तरी पेटीच घेतलीस तर आत कापडाची पिशवी शिवून घाल. पेटीचा एकच मोठा फायदा मला दिसतो : कुलूप. धाब्यावर जेवायला बसलास की कापडी बॅगेकडे एक डोळा ठेवावा लागतो. चौघं आहात, आळीपाळीनं जेवा.

सांगाडा लोखंडीच घे. खड्ड्यांनी तो कुठंतरी तडकतोच, आणि लोखंड वाटेतल्या केलाँगलाही कुणी जोडून देईल. अ‍ॅल्युमिनियमला वेल्डिंग करणारा शोधत बसशील. वेल्डिंग करताना बॅटरीची वायर काढायला विसरू नकोस, तुझ्या गाडीत इंजेक्शनचा कॉम्प्युटर आहे.

कुठं काय ठेवायचं? हिमालयनचा सायलेन्सर उजवीकडे वर उचललेला आहे, त्यामुळे उजवी बॅग थोडी बाहेर बसते. बाहेर बसलेलं वजन जास्त जड वागतं, म्हणून पाने, ट्यूब, पंप, सगळं लोखंड डाव्या बॅगेत तळाला. उजवीकडे कपडे. तंबू आणि झोपायची पथारी आडवी, सीटवर, तुझ्या पाठीला लागून. सीट रिकामी आहे ना, मग मागच्या कॅरियरवर काही नेऊ नकोस. तो मोह आवर.

पेट्रोल. केलाँगच्या अलीकडे टांडी लागतं, तिथल्या पंपावरची ‘पुढचा पंप ३६५ किलोमीटर’ ही पाटी तू फोटोत पाहिली असशीलच. तुझ्या गाडीला टाकीच्या दोन्ही बाजूंना लोखंडी फ्रेम आलेली आहे, कॅन तिथंच लाव. बॅगेत पेट्रोल कधीच नको, वाफ कपड्यांत बसते आणि सायलेन्सर जवळ असतो. पेट्रोलसाठी बनवलेलाच कॅन घे, तेलाचा डबा नको. आणि टाकीत जागा झाली की पहिल्याच थांब्याला ओतून टाक. दूध वाहताना मी हे शिकलो : भरलेला कॅन निमूट बसतो, अर्धा भरलेला कॅन वळणावर धक्का देतो. सकाळी जाताना ८२ किलो घेऊन मी कधी पडलो नाही. पडलो तो एकदाच, परतीला, अर्धवट कॅन घेऊन.

शाम्पू, खोबरेल तेल वगैरे बाटल्या वेगळ्या पिशवीत बांध. ‘तांगलांग ला’ ही खिंड १७ हजार फुटांच्या वर आहे. तिथं बाटल्या फुगतात आणि झाकणातून झिरपतात. आणि नाले सकाळी ओलांड. दुपारी बर्फ वितळून पाणी चढतं, ते बॅगेच्या बुडापर्यंत येतं.

वॉटरप्रूफ म्हणून बॅग घेतली. आंबोली चढेपर्यंत कपडे पिळून काढायची वेळ आली. फसवणूक की माझी चूक?
(एक बँक कर्मचारी, सावंतवाडी)

थोडी दोघांचीही. कापड वॉटरप्रूफ असतं, शिवण नसते. सुई दर टाक्याला एक भोक पाडते, आणि तुमच्या बॅगेला काही हजार टाके आहेत. चेन तर दारच. ज्या बॅगेचे जोड शिवलेले नसून उष्णतेनं चिकटवलेले आहेत आणि तोंड तीन वेळा गुंडाळून बंद होतं, तीच आंबोलीत टिकते. वरून घालायच्या रेनकव्हरवर माझा विश्वास नाही. मागच्या चाकाचं पाणी खालून त्यात शिरतं आणि बॅग बादलीत बसल्यासारखी भिजत राहते.

नवी बॅग घेऊ नका. खताच्या पोत्याच्या आतली जाड प्लास्टिकची पिशवी मिळवा, चांगली धुवा, वाळवा, बॅगेत अस्तरासारखी घाला आणि तोंड पिळून बांधा. रेनकोट मात्र तिच्या बाहेर, सगळ्यात वर. पाऊस आला की रेनकोटसाठी अख्खी बॅग उपसणारे मी पाहिलेत.

मी शिक्षिका आहे. स्कूटरला मागे पेटी आहे, त्यात वह्यांचे गठ्ठे असतात. हल्ली चाळीसच्या वेगाला एक हात सोडला की हँडल थरथरतं. मेकॅनिक बेअरिंग बदला म्हणतो.
(परभणी)

ताई, आधी पेटी रिकामी करून तोच रस्ता तेवढ्याच वेगानं जा, दोन्ही हात हँडलवर ठेवून. थरथर गेली तर बेअरिंगचे पैसे वाचले. वह्या म्हणजे कागद, कागद म्हणजे लाकूड. पेटीच्या प्लेटवर किंवा झाकणाच्या आत किती किलो ते छापलेलं असतं. स्कूटरच्या पेट्यांना बहुधा ३ ते ५ किलो. वह्यांचे दोन गठ्ठे त्याच्या वर जातात. गठ्ठे सीटखालच्या डिक्कीत टाका, उरलेला एक पायाशी ठेवा, पेटीत डबा आणि छत्री. पुढच्या हुकाला भाजीच्या दोन पिशव्या लटकवत असाल तर तेही थांबवा, त्या हँडलजवळ झोके घेतात. पेटी रिकामी करूनही थरथरलं तर मेकॅनिक बरोबर आहे, टायरही दाखवा.

डब्यांची पोच सुरू करतोय. मागे केवढी पेटी लावता येते? कुणी म्हणतं पोलीस पकडतात.
(नाशिक)

२०२० मध्ये केंद्रानं नियमात मापं घातली : लांबी ५५० मिलिमीटर, रुंदी ५१०, उंची ५००. याच्या आत राहा. पेटी मागच्या माणसाच्या सीटवर बसवली तर मागे माणूस बसवायचा नाही. सीटच्या मागे बसवली तर चालतो, पण एकूण वजन कंपनीनं दिलेल्या आकड्याच्या आत हवं. तुम्ही सीटवरच बसवा, वर कारण दिलंच आहे. आमटीचे डबे तळाला आणि एकमेकांना घट्ट. पोळ्या वर.

टाकीवरची लोहचुंबकाची बॅग माझ्या नव्या गाडीला चिकटत नाही. खराब निघाली का?
(कोल्हापूर)

बॅग चांगली आहे, टाकी प्लास्टिकची आहे. हल्ली बऱ्याच गाड्यांच्या टाकीवर प्लास्टिकचं कवच असतं. पट्ट्याची बॅग घ्या. लोखंडी टाकी असलेल्यांनीही चुंबक लावण्याआधी हातानं पुसून घ्यावं. रस्त्यावरचा लोखंडाचा कीस त्याला चिकटतो आणि रंगावर रांगोळी काढतो.

तुम्ही स्वतः बॅगा शिवता. मग दुकानातल्या तयार बॅगांना नावं ठेवणं तुमच्या फायद्याचंच आहे, नाही का?
(एक स्पष्टवक्ता वाचक, गाव लिहिलेलं नाही)

प्रश्न रास्त आहे. वर बघा, पहिल्या पत्राला मी पंक्चरवाल्याचा पट्टा सुचवला, तिसऱ्याला खताचं पोतं. धंद्याच्या दृष्टीनं माझं हे सदर तोट्याचं आहे, घरी रोज ऐकतो. तयार बॅगांत काही फार उत्तम आहेत. गिव्ही नावाची इटलीची कंपनी एका मोटारसायकल शर्यतपटूनं १९७८ मध्ये काढली, तिच्या पेटीचं कुलूप मी खोलून पाहिलंय आणि मला तसं जमणार नाही.

आणि माझ्या हातची बॅग कशी असते तेही सांगतो, म्हणजे फिटंफाट. पहिली सॅडलबॅग मी स्वतःसाठीच शिवली. कॅनव्हास जाड, टाके दुहेरी, बकल पितळेचे. मेव्हण्याच्या लग्नाला पंढरपूरला निघालो, आहेराच्या साड्या उजव्या कप्प्यात. घरी गाडी स्टँडवर असताना सायलेन्सर आणि बॅग यांच्यात चांगली चार बोटं जागा होती. मी बसलो, ही बसली, शॉकअप दबला आणि ती चार बोटं संपली. हे मोजायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. म्हसवडच्या पुढं हिला जळका वास आला. मी म्हणालो, कुणीतरी शेतात पाचट पेटवलंय. पुढं दोन-तीन किलोमीटर मी पाचटावर ठाम होतो.

खाली उतरून बघितलं तर कॅनव्हासला तीन बोटं जातील एवढं भोक, आणि आतल्या पहिल्या साडीच्या सहाही घड्यांतून ते आरपार. उलगडली तेव्हा एका रांगेत सहा भोकं. सासूबाईंना ती पंढरपुरात पोचल्यावर दाखवायची हिंमत माझ्यात नव्हती, हिनंच दाखवली.

ती बॅग दुकानात खुंटीला लटकवली आहे. उजव्या बाजूला बॅग लावून द्या म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला मी आधी गाडीवर दोघांनी बसायला सांगतो, खाली वाकून बोटं मोजतो, आणि कमी भरली तर खुंटीकडे बोट दाखवतो. चार बोटं भरली तरी लोखंडी पट्टीचा आडोसा घातल्याशिवाय बॅग देत नाही. पट्टीचे पैसे वेगळे पडतात, हे आपल्या स्पष्टवक्त्या वाचकांनी नोंदवून ठेवावं.